मेरिलिन मन्रो : चित्रामागची बाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र छापण्याचा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. जिजाऊसाहेब झाल्या, सावित्रीबाई झाल्या, पंडिता रमाबाई झाल्या, डॉक्टर आनंदीबाई झाल्या, परदेशातल्या मादाम क्यूरीही झाल्या. यंदा हे काम माझ्याकडे आले. मी मेरिलिन मन्रोचे नाव सुचवले तेव्हा बैठकीत दोनचार जणी एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि आमच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून तो पदराने पुसला. त्यांच्या मनात काय आले असेल हे मी ओळखले. कारण काही वर्षांपूर्वी माझ्याही मनात तेच आले असते.

लहानपणी धाकट्या भावाला केस कापायला न्यायचे काम माझ्याकडे असे. कोपऱ्यावरच्या त्या दुकानात आरशाच्या वर एक चित्र टांगलेले होते. पांढरा झगा वाऱ्याने फुगला आहे आणि एक गोरी बाई तो दोन्ही हातांनी खाली दाबीत हसते आहे. भावाचे केस कापून होईपर्यंत मी मान खाली घालून बसत असे. ती कोण, कुठली, हे विचारावेसे कधी वाटले नाही. अशा चित्रातल्या बायकांना घरदार, आईबाप, पोटापाण्याची विवंचना असते हे त्या वयात ध्यानात येत नाही, आणि खरे सांगायचे तर पुढेही कित्येक वर्षे ते ध्यानात आले नाही.

आपल्या शिवणविभागाचा हिशेब मी बरीच वर्षे पाहते आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठलीही वस्तू पाहिली की ती कुणी केली, तिला काय मिळाले आणि मधल्यांना काय मिळाले, हा हिशेब मी मनाशी मांडू लागते. मेरिलिनचे चरित्र हाती आले तेव्हाही मी ते याच खोडीने वाचले. वाचून झाल्यावर दुकानातल्या त्या चित्राविषयी मला लाज वाटली; पण ती निराळ्या कारणाने.

तिचा जन्म १ जून १९२६ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहरी झाला. नाव ठेवले नॉर्मा जीन. आई ग्लॅडिस ही चित्रपटांच्या फिती कापण्याजोडण्याच्या कारखान्यात कामाला होती. जन्मदाखल्यावर आईच्या विभक्त पतीचे आडनाव लागले. पण तो तिचा पिता नव्हता. त्याच कारखान्यातला एक गृहस्थ तिचा खरा पिता होता, हे २०२२ साली शास्त्रीय तपासणीने सिद्ध झाले. त्याचा मुलीला काहीच उपयोग नव्हता. तिला जाऊन तेव्हा ६० वर्षे झाली होती.

ग्लॅडिसला नोकरी सोडून चालण्यासारखे नव्हते. तिने मूल एका धर्मशील कुटुंबाकडे दरमहा पैसे भरून सांभाळायला ठेवले. पहिली सात वर्षे मुलगी तिथेच वाढली. १९३३ साली आईने हॉलिवूडमध्ये छोटेसे घर घेऊन तिला जवळ आणले. मुलीच्या आयुष्यातले आईचे घर ते एवढेच. कारण १९३४ च्या आरंभीच आईच्या मनाचा तोल गेला. तिला मनोरुग्णालयात न्यावे लागले आणि पुढचे बहुतेक आयुष्य तिचे अशाच ठिकाणी गेले. आईची मैत्रीण ग्रेस हिने पालकत्व पत्करले, परंतु तिचीही स्थिती बेताचीच. सप्टेंबर १९३५ मध्ये नऊ वर्षांच्या नॉर्मा जीनला अनाथाश्रमात ठेवण्यात आले. आई जिवंत असलेली मुलगी अनाथ मुलांच्या रांगेत बसली. तिथे तिची जवळजवळ दोन वर्षे गेली. नंतर कधी ग्रेसकडे, कधी कुणा नातलगांकडे, कधी परक्यांकडे, असे तिचे बिऱ्हाड हलत राहिले. त्यांतल्या एकदोन घरांत तिच्यावर हात टाकण्याचे प्रकारही घडले, असे तिने पुढे मोठेपणी सांगितले. त्या काळी अशा गोष्टी बायका उघडपणे सांगत नसत. तिने त्या सांगितल्या.

१९४२ साली ग्रेसच्या पतीची बदली दूरच्या प्रांतात झाली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सांभाळायला घेतलेली मुलगी प्रांताबाहेर नेता येत नव्हती. म्हणजे पुन्हा अनाथाश्रम. त्यावर तोडगा कोणता निघाला म्हणता? लग्न! शेजारचा जिम डोहर्टी हा २१ वर्षांचा तरुण पाहण्यात आला, आणि सोळावे वर्ष पूर्ण होताच, १९ जून १९४२ रोजी, तिचे त्याच्याशी लग्न लावून देण्यात आले. शाळा सुटली. आपल्याकडच्या कित्येक आज्यांची कथा याहून निराळी नाही. अमेरिका अमेरिका म्हणून आपण जिचे कौतुक ऐकतो, तिथेही निराधार मुलीला ठेवायचे कुठे या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

महायुद्ध चालू होते. पती व्यापारी जहाजांवर भरती होऊन १९४४ साली पॅसिफिक महासागराकडे गेला. नॉर्मा जीन सासूसासऱ्यांकडे राहून व्हॅन नाइज गावच्या रेडिओप्लेन या कारखान्यात जाऊ लागली. लष्कराच्या नेमबाजीच्या सरावासाठी लागणारी वैमानिकाविना उडणारी छोटी विमाने तिथे तयार होत. चित्रातल्या बाईची ही पहिली नोकरी. ती कारखान्यातली मजूर होती, हे मला वाचून प्रथम कळले.

१९४४ च्या अखेरीस लष्कराच्या चित्रविभागाने डेव्हिड कॉनोव्हर नावाचा छायाचित्रकार त्या कारखान्यात धाडला. युद्धकामाला हात लावणाऱ्या स्त्रियांची चित्रे काढून सैनिकांना हुरूप आणावा, हा हेतू. त्याने नॉर्मा जीनची छायाचित्रे घेतली. लष्कराने ती वापरली नाहीत. पण छायाचित्रे चांगली येतात हे त्याच्या व तिच्या लक्षात आले. तिने कारखाना सोडला आणि ऑगस्ट १९४५ मध्ये ब्लू बुक नावाच्या संस्थेत नाव नोंदवले. मासिकांना व जाहिरातदारांना छायाचित्रांसाठी मॉडेल पुरवणारी ही संस्था होती.

मॉडेलचे काम म्हणजे नुसते नटून उभे राहणे, असा आपला समज असतो. तिने ते शाळेतल्या विषयासारखे शिकून घेतले. उजेड कुठून येतो, चेहरा किती वळवला म्हणजे सावली कुठे पडते, हे ती छायाचित्रकारांना विचारी. काढलेल्या छायाचित्रांतली वाईट कोणती आणि ती का वाईट, हे बारकाईने पाही. तिचे मूळचे तपकिरी कुरळे केस संस्थेच्या सांगण्यावरून सरळ करून सोनेरी रंगवण्यात आले. १९४६ च्या वसंतापर्यंत ३३ मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचे चित्र झळकले होते. पतीला हा व्यवसाय पसंत नव्हता. सप्टेंबर १९४६ मध्ये घटस्फोट झाला. तिचे वय तेव्हा २० होते.

त्याच उन्हाळ्यात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या बड्या चित्रसंस्थेत तिची कॅमेऱ्यापुढे परीक्षा झाली आणि तिला सहा महिन्यांच्या करारावर घेण्यात आले. नॉर्मा जीन हे नाव पडद्याला शोभेना. संस्थेतल्या बेन लायन यांनी मेरिलिन हे नाव सुचवले, आणि मन्रो हे तिने आपल्या आईचे माहेरचे आडनाव घेतले. वडिलांचे नाव नव्हते, नवऱ्याचे सोडलेले. तेव्हा आईचे जोडले. मला ही गोष्ट फार आवडली.

या चित्रसंस्थांचा व्यवहार कसा चाले हे समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. नटनटींशी साधारण सात वर्षांचा करार होई. पगार आठवड्याचा. पण हा करार दोन्ही बाजूंना सारखा बांधत नसे. ठराविक मुदतीनंतर संस्थेला वाटले तर ती नटीला काढून टाकू शके. नटीला मात्र सोडून जाता येत नसे. संस्था देईल ती भूमिका करायची. नाही म्हटले तर पगार बंद, आणि दुसरीकडे काम करण्यासही मनाई. चित्रपटाने कोट्यवधी मिळवले तरी नटीच्या हाती पडायचा तो आठवड्याचा ठरलेला पगार. शिवणकामातल्या आपल्या बहिणींना हे निराळे समजावून सांगायला नको.

फॉक्सने १९४७ साली तिला काढून टाकले. कोलंबिया या दुसऱ्या संस्थेने १९४८ मध्ये घेतले आणि सहा महिन्यांनी तिनेही सोडले. पुन्हा मॉडेलचे काम आले. मे १९४९ मध्ये पैशांची अगदीच ओढ लागली तेव्हा तिने टॉम केली या छायाचित्रकाराकडे, मागे लाल मखमल टाकून, विवस्त्र छायाचित्रे काढू दिली. या कामाचे तिला ५० डॉलर मिळाले. कागदावर सही करताना तिने आपले खरे नाव घातले नाही.

हे ५० डॉलर लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. ते पुढे पुन्हा येणार आहेत.

१९५० साल तिच्या भाग्याचे उजाडले. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘ॲस्फाल्ट जंगल’मध्ये आणि ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये तिला छोट्या पण नजरेत भरणाऱ्या भूमिका मिळाल्या. वर्षअखेर फॉक्सने पुन्हा सात वर्षांचा करार केला. शाळा अर्धवट राहिल्याची तिला रुखरुख होती. नाव होऊ लागले असतानाच १९५१ साली तिने लॉस एंजलिसच्या विद्यापीठाच्या वर्गांत जाऊन साहित्याचा अभ्यास केला. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९९९ साली, तिच्या संग्रहातल्या चारशेहून अधिक पुस्तकांचा लिलाव झाला. पडद्यावर जिला संस्था नेहमी भोळसट सोनेरी बाहुली म्हणून उभी करी, तिच्या घरी ही पुस्तके होती.

मार्च १९५२ मध्ये गौप्यस्फोट झाला. एका दिनदर्शिकेवर छापलेली विवस्त्र स्त्री म्हणजे फॉक्सची उगवती नटी, ही बातमी फुटली. त्या काळच्या अमेरिकेतही एवढ्याने एखादीचे आयुष्य संपून जाई. सरळ नाकारणे हाच शहाणपणा समजला जाई. मेरिलिनने नाकारले नाही. होय, ते चित्र माझेच आहे, पैशांची अडचण होती म्हणून काढू दिले, असे तिने सांगून टाकले. लोकांचा राग ओसरला, उलट सहानुभूती वाढली. दारिद्र्याची लाज दरिद्री माणसाने का बाळगावी, हे तिने कुठल्याही सभेत व्याख्यान न देता दाखवले.

परंतु चित्रावर तिचा हक्क राहिला नव्हता. पुढच्याच वर्षी ह्यू हेफनर या तरुण गृहस्थाने दिनदर्शिका छापणाऱ्या कंपनीकडून ते छायाचित्र वापरण्याचा हक्क विकत घेतला आणि डिसेंबर १९५३ मध्ये आपल्या ‘प्लेबॉय’ मासिकाचा पहिला अंक त्याच्या जोरावर काढला. पन्नास हजारांवर प्रती खपल्या आणि एका मोठ्या धंद्याचा पाया घातला गेला. मेरिलिनला विचारले कुणी? नाही. पैसे दिले? एक छदामही नाही.

१९५३ हे तिच्या कीर्तीचे वर्ष. ‘नायगारा’, ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ आणि ‘हाउ टु मॅरी अ मिलियनेअर’ हे तीन चित्रपट एका वर्षात आले आणि तिघांनीही गर्दी खेचली. यांतल्या दुसऱ्या चित्रपटात तिच्याबरोबर जेन रसेल ही नायिका होती. चित्रपटाच्या नावातली सोनेरी केसांची सुंदरी म्हणजे मेरिलिन. पण रसेलला तिच्या कितीतरी पट मोबदला मिळाला, कारण मेरिलिन जुन्या कराराच्या आठवडी पगारावर होती.

जानेवारी १९५४ मध्ये संस्थेने तसलीच आणखी एक भूमिका पुढे केली. तिने ती नाकारली. संस्थेने पगार बंद केला. त्याच महिन्यात, १४ तारखेला, तिने जो डिमॅजिओ या विख्यात बेसबॉल खेळाडूशी लग्न केले. आपल्याकडे क्रिकेटवीराचे जे स्थान, ते तिकडे त्याचे. दोघे जपानला गेली असता ती तिथून कोरियात अमेरिकन सैनिकांसमोर गायला गेली. हिवाळ्याच्या कडाक्याच्या थंडीत चार दिवसांत दहा कार्यक्रम तिने केले, आणि लाखावर सैनिकांनी ते पाहिले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट आहे त्या पांढऱ्या झग्याची. ‘द सेव्हन इयर इच’ या चित्रपटासाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, भुयारी रेल्वेच्या झरोक्यावर उभे राहून तिने ते दृश्य रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा दिले. भोवती शेकडो बघे आणि छायाचित्रकार जमले होते, कारण संस्थेने जाहिरातीसाठी आधीच डांगोरा पिटला होता. गलका इतका झाला की तिथले चित्रीकरण उपयोगी पडले नाही. दृश्य पुन्हा स्टुडिओत घ्यावे लागले. म्हणजे रस्त्यावरची ती रात्र केवळ जाहिरात ठरली. नवरा गर्दीत उभा राहून पाहत होता आणि संतापला होता. ऑक्टोबरात दोघे विभक्त झाली. लग्न नऊ महिनेच टिकले. माझ्या लहानपणीच्या त्या दुकानात आरशावर टांगलेले चित्र त्या रात्रीचे.

आता मी तुम्हांला तिच्या आयुष्यातला तो भाग सांगते, ज्यासाठी हे चरित्र लिहायला घेतले. चित्रपट पुरा करून १९५४ च्या अखेरीस ती हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला निघून गेली. जानेवारी १९५५ मध्ये मिल्टन ग्रीन या छायाचित्रकार मित्राबरोबर तिने मेरिलिन मन्रो प्रॉडक्शन्स ही स्वतःची चित्रसंस्था जाहीर केली. अध्यक्ष ती स्वतः. वृत्तपत्रांनी चेष्टा आरंभली. बाहुलीने दुकान काढले, असाच सूर होता. फॉक्सने तिला करारभंगाचा धाक घातला. इकडे ती ली स्ट्रासबर्ग यांच्या अभिनयशाळेत साध्या कपड्यांत, तोंडाला रंग न लावता, नवशिक्यांबरोबर बसून अभिनयाचे धडे घेत होती. जगातली सर्वांत गाजलेली नटी म्हणवून घेण्याच्या वेळी पुन्हा विद्यार्थिनी होणे, हे वाटते तितके सोपे नाही. आपल्या प्रौढ शिक्षणवर्गात पहिल्या दिवशी पाटी हातात धरताना ज्यांचे हात थरथरले, त्यांना हे कळेल.

वर्षभर ती ठाम राहिली. तेवढ्यात झग्याचा तो चित्रपट जून १९५५ मध्ये झळकून त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत गणला गेला, आणि आपले कुणावाचून अडते हे संस्थेला उमगले. वर्षअखेर फॉक्स नमली. नवा करार झाला : सात वर्षांत चार चित्रपट, प्रत्येकी १ लाख डॉलर, कथा, दिग्दर्शक आणि छायालेखक यांची निवड करण्याचा हक्क, शिवाय स्वतःच्या संस्थेसाठी चित्रपट काढण्याची मोकळीक. ज्या व्यवसायात भले भले नट सात सात वर्षे मान तुकवून राहत, तिथे २९ वर्षांच्या बाईने, मागे ना बाप ना भाऊ, हे मिळवले. १९५६ साली तिने कायद्याने आपले नाव मेरिलिन मन्रो असे करून घेतले. इतरांनी सुचवलेले नाव त्या दिवशी तिचे झाले.

नव्या कराराचा पहिला चित्रपट ‘बस स्टॉप’. यातल्या अभिनयाने चेष्टा करणाऱ्या टीकाकारांनाही मत बदलावे लागले. दुसरा ‘द प्रिन्स अँड द शोगर्ल’ हा तिच्या स्वतःच्या संस्थेचा, इंग्लंडात काढलेला. दिग्दर्शक व नायक होते सर लॉरेन्स ऑलिव्हिए. दोघांचे मुळीच जमले नाही. पण १९५७ साली चित्रपट पडद्यावर आल्यावर इटली व फ्रान्स या देशांनी तिला पारितोषिके दिली.

२९ जून १९५६ रोजी तिने नाटककार आर्थर मिलर यांच्याशी विवाह केला होता. त्या दिवसांत अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाचे वारे वाहत होते. मिलर यांना सरकारी समितीपुढे उभे करण्यात आले आणि मित्रांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला. त्यांना सोड, नाहीतर तुझे चित्रपट बुडतील, असा दबाव तिच्यावर आला. तिने सोडले नाही. हा धीर तिच्या चरित्रातून पुष्कळदा गाळला जातो.

दुर्दैवाने घरचे सुख तिला लाभले नाही. मूल व्हावे ही तिची मोठी इच्छा होती. १९५७ साली गर्भ नको त्या जागी राहिल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. १९५८ च्या अखेरीस पुन्हा गर्भपात झाला. पोटातल्या एका जुनाट विकाराने तिला वर्षानुवर्षे छळले. झोपेच्या गोळ्या वाढत गेल्या. कामावर उशीर, संवाद विसरणे, एकेक दृश्य पुन्हा पुन्हा देणे, यांनी सहकारी कावून जात. ‘सम लाइक इट हॉट’च्या वेळी दिग्दर्शक बिली वाइल्डर तिच्यापुढे हात टेकत. मैत्रिणींनो, तिची बाजू मांडताना हे झाकून ठेवणे बरे नव्हे. तिच्यामुळे इतरांना ताटकळावे लागे, त्रास होई, हे खरे. आणि १९५९ साली तो चित्रपट आला तेव्हा पडद्यावर सर्वांत सहज, सर्वांत हलकीफुलकी तीच दिसली, हेही खरे. त्या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले.

मिलर यांनी तिच्यासाठी लिहिलेला ‘द मिसफिट्स’ हा तिचा पुरा झालेला शेवटचा चित्रपट. नेवाडाच्या उन्हात १९६० साली तो काढला जात असताना लेखक आणि नायिका यांचा संसार मोडत होता. काम संपल्यावर थोड्याच दिवसांत सहनायक क्लार्क गेबल वारले. जानेवारी १९६१ मध्ये घटस्फोट झाला. पुढच्याच महिन्यात तिला एका मनोरुग्णालयात कुलूपबंद खोलीत ठेवण्यात आले. विश्रांतीसाठी म्हणून ती गेली होती. आईसारखे आपलेही होणार हे भय जिने लहानपणापासून बाळगले, तिच्या मागे ते दार बंद झाले तेव्हा तिला काय वाटले असेल! तिथून तिला सोडवायला धावून आला तो पूर्वीचा पती डिमॅजिओ.

१९६२ च्या आरंभी तिने लॉस एंजलिसच्या ब्रेंटवुड भागात एक बैठे घर विकत घेतले. परक्यांच्या घरांत वाढलेल्या मुलीचे, स्वतःच्या पैशांनी एकटीने घेतलेले हे पहिलेच घर. त्या वसंतात फॉक्सच्या ‘समथिंग्ज गॉट टु गिव्ह’चे काम सुरू झाले. तिचा मोबदला जुन्या कराराप्रमाणे १ लाख डॉलर. तीच संस्था त्याच वेळी ‘क्लिओपात्रा’साठी एलिझाबेथ टेलरला १० लाख डॉलर देत होती आणि त्या चित्रपटाच्या खर्चाने मेटाकुटीला आली होती. मेरिलिन आजारी पडून वारंवार गैरहजर राहिली. १९ मे रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाच्या समारंभात मात्र ती गायली. जूनमध्ये, तिच्या ३६ व्या वाढदिवसानंतर आठवडाभरातच, संस्थेने तिला काढून टाकले आणि वर नुकसानभरपाईचा दावा लावला. नायक डीन मार्टिन यांनी दुसऱ्या नायिकेबरोबर काम करायला नकार दिला. समेटाची बोलणी चालली असतानाच सगळे संपले.

४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री त्याच नव्या घरात झोपेच्या औषधांच्या अतिरेकाने तिचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मृतावस्थेत आढळली. बहुधा आत्महत्या, असा निष्कर्ष निघाला. पुढे नाना वावड्या उठल्या. १९८२ साली सरकारी वकिलांच्या कचेरीने प्रकरण पुन्हा तपासले तेव्हा खुनाचा पुरावा मिळाला नाही. मी त्या वावड्यांत शिरत नाही. तिच्या मरणाची चर्चा करणारी पुस्तके रगड आहेत, आणि तिच्या करारावर कुणी दोन ओळी लिहीत नाही. अंत्यविधी डिमॅजिओने केला, मोजक्या माणसांत. हॉलिवूडच्या बड्यांना त्याने येऊ दिले नाही. पुढे वीस वर्षे तिच्या समाधीवर त्याच्याकडून गुलाबाची फुले जात राहिली.

मृत्युपत्रात तिने आजारी आईची सोय करून ठेवली होती. आई लेकीच्या मागे २२ वर्षे जगली. बाकीच्या मिळकतीचा मोठा वाटा गुरू स्ट्रासबर्ग यांना गेला; १९८२ साली ते वारल्यावर तो त्यांच्या पत्नीकडे आला, जिच्याशी त्यांचे लग्न मेरिलिनच्या मृत्यूनंतर झाले होते. २०११ साली मिळकतीचे हे हक्क बहुतांशी एका व्यापारी कंपनीने विकत घेतले.

आता माझा हिशेब. ज्या विवस्त्र छायाचित्राचे तिला ५० डॉलर मिळाले, त्यावर हेफनर यांचा धंदा उभा राहिला. १९९२ साली त्यांनी मेरिलिनच्या समाधीला लागूनची जागा ७५,००० डॉलर देऊन विकत घेतली आणि २०१७ पासून ते तिच्या शेजारी विसावले आहेत. तिला त्याबद्दल कुणी विचारू शकत नव्हते. जिवंत असतानाही विचारले नव्हते. ‘नायगारा’च्या जाहिरातीतल्या तिच्या छायाचित्रावरून अँडी वॉरहॉल यांनी रंगवलेल्या चित्रांपैकी एक मे २०२२ मध्ये लिलावात साडेएकोणीस कोटी डॉलरला गेले. आणि तो पांढरा झगा २०११ साली लिलावात ४६ लाख डॉलरला, वर दलाली वेगळी. आयुष्यभराच्या चित्रपटांचे तिला एवढे मिळाले नव्हते.

हे चरित्र मी आदर्श म्हणून पुढे ठेवलेले नाही. तिने केले तसे सगळे आपल्या मुलींनी करावे, असे कोण म्हणेल? पण तिची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या चेहऱ्यावर दुसऱ्यांचे घर चालते हे तिला कळले, आणि कळल्यावर ती रडत बसली नाही. तिने काम थांबवले, आपल्या नावाची संस्था काढली आणि कागदावर आपले हक्क लिहून घेतले. तिचे यश अपुरे राहिले. एकटीच्या बळावर तितकेच होते. तिच्या मागे चार जणी उभ्या असत्या, आजारपणात हाताशी कुणी असते, हिशेब पाहणारे कुणी घरचे असते, तर पुढचे कदाचित निराळे झाले असते.

आपल्या मंडळात पूर्वी एका व्यापाऱ्याकडून फ्रॉकांचे काम येई. शिवणारी आपली, काजे-बटणे करणारी आपली, आणि दर मात्र तो सांगेल तो. सगळ्या जणींनी मिळून दर लिहून घ्यायचे ठरवले, तेव्हा तीन महिने काम बंद राहिले. त्या तीन महिन्यांत घरोघरी किती ओढाताण झाली, हे मी पाहिले आहे. पण एकीचे घर अडले तर दुसरीने धान्य दिले, म्हणून ते निभावले. मेरिलिनचे चरित्र वाचताना मला ते दिवस आठवले.

त्या कोपऱ्यावरचे दुकान केव्हाच गेले. आता ते चित्र मला कुठे दिसले तर मी मान खाली घालीत नाही. रात्री उशिरापर्यंत, पायाखालून येणाऱ्या वाऱ्यात, शेकडो परक्या नजरांपुढे तेच तेच हसू पुन्हा पुन्हा देणारी एक कामकरी बाई मला त्यात दिसते. तिच्या जन्माची शताब्दी १ जून २०२६ ची. त्या दिवसाची आठवण म्हणून आपल्या मंडळातल्या प्रत्येकीने एवढे करावे : ज्या कागदावर सही करायची, तो आधी स्वतः वाचावा, वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्यावा, आणि आपल्या कामाचे काय ठरले आहे ते आपल्या वहीत लिहून ठेवावे.